एक ओळ खाली

द्रिता आसिमने ऑफिसच्या स्वयंपाकघरातून लोणी लावायची बोथट सुरी आणली, आपल्या खुर्चीवर बसली आणि कीबोर्डची डावीकडची ऑल्ट नावाची कळ उचकटून काढली. आवाज झाला एवढासा, पण ऑस्ट्रेलियातल्या शेपर्टन गावच्या त्या लांबोडक्या पत्र्याच्या ऑफिसात सगळ्यांच्या माना वळल्या. तिने कळ बशीत ठेवली, सुरी धुऊन जागच्या जागी लावली आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "दात दुखत होता. काढला."

सगळे हसले. द्रिताला हसवायचं नव्हतं. ती एकोणसाठ वर्षांची होती, दमलेली होती, आणि त्या एका कळीने वर्षभर तिचा जीव खाल्ला होता.

काम त्यांचं पाण्याचं. गोलबर्न नदीचं पाणी कालव्यांतून शेतांवर जातं, कालव्यांवर लोखंडी दारं असतात. शेतकरी फोनवरून पाणी मागतो आणि दारं आपापली वर-खाली होतात. ती कधी आणि कोणत्या क्रमाने हलायची हे ठरवणारा प्रोग्राम हे लोक लिहीत. द्रिता तिथे इतकी वर्षं होती की लहानमोठ्या कालव्यांची नावं तिला मावश्या-आत्यांसारखी पाठ होती. तिचा बाप अल्बेनियातून बोटीने आला तो नासपतीच्या बागांत छाटणीला. पोरीने फळं डबाबंद करायच्या कारखान्यात पट्ट्यापाशी उभं राहावं असा त्यांच्या समाजाचा साधा हिशेब होता. तिने मेलबर्नला जाऊन गणित घेतलं, परत आली आणि त्याच कारखान्याच्या ऑफिसात संगणकापुढे बसली. तिथून इथे. मध्ये लग्न केलं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती बोलत नसे आणि लोकांनीही विचारणं सोडलं होतं. उरला तो म्हातारा बाप आणि ही नोकरी.

प्रोग्राम लिहायला एडिटर लागतो, म्हणजे लिहायची पाटीच म्हणा. द्रिताची जुनी पाटी काळी होती, कुरूप होती आणि तिच्या बोटांत मुरलेली होती. त्यात ऑल्ट दाबून खालचा बाण मारला की कर्सर उडी घेऊन पुढच्या तुकड्यावर जाई. पंचवीस वर्षं ती अशी उड्या घेत खाली उतरत आली होती. रोजचा जिना उतरताना माणूस पायऱ्यांकडे बघतो का? मग ऑफिसने नवा एडिटर आणला. कळ तीच, बाण तोच, पण आता उडी कर्सर घेत नाही. कर्सर ज्या ओळीवर उभा आहे ती ओळच उचलली जाते आणि एक घर खाली जाऊन बसते. आवाज नाही, लाल अक्षर नाही, 'करू का' म्हणून विचारणं नाही. रांगेतली तिसरी बाई चौथी झाली तर लांबून कुणाला कळणार?

द्रिताला कळे. म्हणजे बहुतेक वेळा कळे. दिवसातून पाच-सहा वेळा बोटं जुन्या सवयीने चालत, ओळ सरके, ती दचकून ती मागे घेई. काम होई, पण पोळ्या लाटताना एक डोळा दुधावर ठेवावा तसं. संध्याकाळी घरी जाताना तिची मान अवघडलेली असे आणि तिने नेमकं काय केलं म्हणून मान अवघडली हे तिला कुणाला सांगता येत नसे.

बरं, ही कळ आपल्यापुरती बंद करून टाकावी, तर तसं करता येत नव्हतं. सगळ्यांच्या एडिटरची घडण एकच हवी, असा नियम होता. ती घडण एका फाइलमध्ये ठेवलेली होती आणि रोज सकाळी सगळ्यांच्या संगणकांवर आपोआप येऊन बसे. कुणीही कुणाच्याही खुर्चीवर बसून मदत करू शकला पाहिजे, हा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. चांगल्या विचारांची पंचाईत अशी, की त्यांच्या विरुद्ध बोलणारा लगेच म्हातारा ठरतो.

ठरवणारा होता डार्सी ओहेअर. पस्तिशीचा, लालसर दाढीचा, तालुक्याच्या फुटबॉल क्लबात खेळणारा, इथला मुख्य प्रोग्रामर. माऊस त्याने खणात टाकून दिला होता. पानं वाजवत पत्ते पिसणाऱ्यासारखी त्याची बोटं चालत: खिडकी उघडली, मिटली, ओळी वर गेल्या, खाली आल्या, काम संपलं. द्रिताने त्याला कळ बंद करायचं एकदा तोंडी सांगितलं, एकदा लिहून दिलं. तो मनाने वाईट नव्हता. त्याने नीट वाचलं आणि म्हणाला, "तुझ्या बोटांना नवं वळण लाव ना, द्रिता. दोन आठवडे त्रास होईल, मग बघ कशी पळशील."

वर्ष उलटलं. द्रिता पळाली नाही.

क्लबातून डार्सीने आणखी एक गोष्ट आणली होती. तिथे सरावानंतर आठवड्याचा सगळ्यात मोठा मूर्खपणा कुणी केला ते ठरवतात आणि त्याला परकर नेसवून बारपाशी उभं करतात. ऑफिसात परकर शोभला नसता. मग व्यवस्थापक वेंडी थॉर्बर्नच्या मावशीने चहाच्या किटलीसाठी विणलेली लोकरी टोपी कामाला आली. नारिंगी आणि मोरपंखी पट्ट्यांची, वर गोंडा, तोटीला आणि कानाला दोन बाजूंना भोकं. दर शुक्रवारी चार वाजता त्या आठवड्यात ज्याची बोटं घसरली त्याने ती डोक्यावर घालायची आणि उरलेला दिवस तशीच ठेवायची. कुणी 'जतन करा'च्या ऐवजी शेजारची कळ दाबून सगळ्या खिडक्या मिटवल्या, कुणी एका जागी बदलायचा शब्द शंभर फाइलींत बदलून टाकला, कुणी अर्धवट काम एका फटक्यात सगळ्यांकडे पाठवून दिलं. खूप हशा होई. घालणाराही हसे. न हसून सांगतो कुणाला!

द्रिताने ती टोपी इतक्या शुक्रवारी घातली होती की कुणीतरी तिच्या खुर्चीमागे त्यासाठी खुंटी ठोकली. तिचे कान भोकांतून बरोब्बर बाहेर येत. इतरांच्या चुका गाजत आणि संपत. तिची चूक एकच होती आणि ती रोज होती. सरकलेली ओळ तिच्या ध्यानात येई तेव्हा तीच प्रामाणिकपणे सांगून टाकत असे. हळूहळू तिने सांगणं कमी केलं. यात तिचं काय चुकलं? तुम्ही आम्ही तेच केलं असतं.

तर ती कळ तिने सुरीने काढली. दुसऱ्या दिवशी डार्सीने ती परत बसवली, कारण तिच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसायची वेळ आली तर त्याने काय करावं? द्रिताने दुधाच्या बाटलीचं निळं झाकण आणलं आणि भिंतीला कागद चिकटवायच्या चिकटमातीने ते त्या कळीवर उपडं बसवलं. बोट सवयीने तिथे जाई, झाकणावर आपटे, आणि तिला आठवण होई. इतका साधा उपाय. चार-पाच आठवडे तिची मान दुखली नाही. डार्सी जाता येता त्या झाकणाला सलाम करी. मग ऑफिस पुसायला येणाऱ्या बाईने कचरा समजून ते टाकून दिलं. द्रिताच्या घरी झाकणांना तोटा नव्हता. पण सकाळी ते पिशवीत टाकायचं राहून जाई. खरं सांगायचं तर राहून जात नसे, तिलाच नको वाटे. प्रौढ बाईने रोज दुधाचं झाकण घेऊन कामाला जायचं, आणि त्यावर विनोद ऐकायचा, याचा तिला कंटाळा आला होता.

त्याच आठवड्यात ते झालं.

टाटुराच्या बाजूला पेटिफर नावाच्या माणसाची जमीन आहे. एप्रिलचे दिवस होते, लसूणघासाची शेवटची कापणी. घास कापून रांगा लावून वाळत घातलेला. पहाटे कालवा त्याच्या बांधावरून वाहिला आणि सकाळी तो उठला तेव्हा घास पाण्यात तरंगत होता. त्याने फोन करून वेंडीला जे ऐकवलं ते वेंडीने फोन कानापासून लांब धरून ऐकलं, त्यामुळे सगळ्या ऑफिसने ऐकलं.

कारण दुपारपर्यंत सापडलं. प्रोग्रामात दोन ओळी लागोपाठ होत्या. आधी खालच्या दाराला विचारायचं, उघडलंस का. ते 'हो' म्हणालं की मग वरचं दार उघडायचं. त्या दोन ओळींची अदलाबदल झाली होती. वरचं दार आधी उघडत होतं आणि मागून खालच्याला विचारत होतं. काही दिवस काहीच बिघडलं नाही, कारण खालचं दार नेहमी वेळेवर उघडायचं. त्या पहाटे त्यात एक फांदी अडकली. पाणी आलं, पुढे वाट नाही, चढलं बांधावर. चाचण्यांनी पकडलं नाही, कारण चाचण्या एवढंच बघत की दोन्ही कामं झाली. कोणतं आधी, हे कुणी विचारलंच नव्हतं.

प्रत्येक ओळ शेवटी कुणी हलवली याची नोंद संगणक ठेवतो. त्या ओळीवर नाव होतं द्रिता आसिमचं.

तिला तो दिवस आठवला. एका कालव्याचं नाव बदललं होतं, ते सगळीकडे बदलत ती फाइल उतरत होती. बोटं घसरली, ओळ सरकली, तिने मागे घेतली. एकदाच घेतली. हात दोनदा चालला असावा. 'असावा' एवढंच. शपथेवर विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, आणि हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. स्वतःच्या हाताने काय केलं हे स्वतःला माहीत नसणं.

वेंडीने तिला सोमवारी सकाळी बोलायला ये म्हणून सांगितलं. वेंडी सभ्य बाई होती. तिने रागाचा शब्द काढला नाही, आणि त्यामुळेच द्रिता समजायचं ते समजली. नियमावली लिहायला, शेतकऱ्यांसाठी मदतीची पानं लिहायला कुणीतरी अनुभवी माणूस हवंच होतं, असं वेंडी सहज बोलल्यासारखं बोलली. प्रोग्रामला हात लावायचा नाही, म्हणजे दगदग नाही. द्रिताने मान हलवली आणि आपला डबा उचलून घरी गेली.

बाप घरामागे नासपतीच्या झाडांपाशी खुर्ची टाकून बसला होता. जेव्देत त्याचं नाव, वय अठ्ठ्याऐंशी. मोठी बाग केव्हाच विकली होती. घरामागे दोन रांगा ठेवल्या होत्या, म्हाताऱ्याला करमावं म्हणून. गेली दोन वर्षं मात्र त्या झाडांना तो हात लावत नव्हता, नुसता बघत होता. एका हिवाळ्यात छाटणी करताना त्याने फळाची चांगली जाड फांदी कापली होती आणि स्वतःही खाली येता येता वाचला होता. द्रिताचा भाऊ सामी त्याच दिवशी छाटणीची कात्री घेऊन गेला आणि आपल्या शेडमध्ये वर टांगून ठेवली. बाबांच्या भल्यासाठीच. द्रिताही तेव्हा हो म्हणाली होती.

रविवारी तिने लाकरोर हा त्यांच्याकडचा भरलेला रोट केला. कांदा-टोमॅटोचं सारण, पापुद्रे हाताने ताणलेले, आईच्या मोठ्या परातीत भाजलेला. बापाला त्यातला कडेचा कडक भाग लागतो. तो चावत बसला आणि लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी वर येईपर्यंत तिने त्याला सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. म्हाताऱ्याला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे उलट बरं पडलं. बोट एकीकडे जायचं ते दुसरीकडे गेलं, फांदी कापायची ती सोडून दुसरी कापली, असं सांगितल्यावर त्याला सगळं कळलं.

"आता तुझ्याकडून कात्री काढून घेणार," तो म्हणाला.

"हो. पण गोड बोलून."

"सामीसुद्धा गोडच बोलला होता." त्याने कपात बघितलं. "त्या दिवशी शिडीचा एक पाय आखूड होता, ठाऊक आहे तुला? मी वर, शिडी डुगडुगतीय, मी एका हाताने फांदी धरलीय आणि दुसऱ्याने कापतोय. कुठली कापली ते मला तरी कुठे दिसतंय. खाली आलो तर सगळे माझे हात बघायला लागले. हे बघा, कापतात म्हणे. अरे, शिडी बघा की. शिडी अजून तिथेच आहे, पोरी. भिंतीला टेकून. मागच्या महिन्यात तिच्यावर चढून सामी पन्हाळ साफ करत होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? तुम्ही सगळे माझ्या हातांकडे बघत होता."

द्रिता उठली आणि भांडी घासायला लागली. बराच वेळ घासत होती. तिला बापाला काहीतरी म्हणायचं होतं, पण इतक्या उशिरा त्याचा काय उपयोग, म्हणून तिने भांडी घासली.

सोमवारी वेंडीच्या खोलीत डार्सीही होता. तो आदल्या दिवशी सामना खेळला होता, गालावर खरचटलेलं. तो खिडकीबाहेर बघत होता. कारण द्रिताने केलेला प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी तपासायचा असतो, आणि हा तपासला होता त्याने. नावं बदलल्याच्या लांबच लांब यादीत ती एक सरकलेली ओळ त्याच्या डोळ्यांपुढून गेली होती आणि त्याने एका कळीच्या फटक्यात 'ठीक' म्हणून टाकलं होतं. हे वेंडी बोलली नव्हती, तोही बोलला नव्हता, पण त्याची मान ते बोलत होती.

वेंडीने मदतीच्या पानांचं परत काढलं. द्रिताने तिला संपवू दिलं.

"ओळ माझ्याच हाताने हलली असणार," ती म्हणाली. "मी नाही म्हणत नाही. पेटिफरला मी स्वतः फोन केलाय. त्याने मला ऐकवायचं ते ऐकवलं आणि मग म्हणाला की भिजलेला घास गाईंना टाकीन, त्यांना काय कळतंय. ते झालं. आता मला हात काढून घ्यायला सांगण्याआधी एक करा. नवा एडिटर आल्यापासून जिथे जिथे दोन शेजारच्या ओळींची नुसती अदलाबदल झालीय, दुसरं काही न बदलता, त्या सगळ्या जागा शोधा. नावांसकट. त्यात एकट्या माझंच नाव निघालं तर मी उद्यापासून मदतीची पानं लिहिते. तुमच्या मावशीची टोपी घालून लिहिते."

"आणि नाही निघालं तर?" वेंडीने विचारलं.

"तर कळ बंद करा. सगळ्यांची."

डार्सी म्हणाला, हे शोधायला फार तर एक दुपार लागेल. तो हे जरा जास्तच पटकन म्हणाला. आपल्या बोटांवर त्याचा विश्वास होता.

दुपार नाही, दोन दिवस लागले. कारण सापडलेली प्रत्येक जागा उघडून बघावी लागत होती, मुद्दाम केलेली की चुकून झालेली. डार्सीने ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पहिल्या दिवशी तो शीळ घालत होता. दुसऱ्या दिवशी शीळ बंद झाली. जेवायच्या वेळी तो उठला नाही, कुणीतरी त्याच्या टेबलावर खिमा भरलेली पेस्ट्री आणून ठेवली ती तशीच गार झाली. संध्याकाळी तो द्रिताच्या खुर्चीपाशी आला आणि खुंटीवरच्या टोपीकडे बघत उभा राहिला.

"सगळ्यांची आहेत," तो म्हणाला. "एकूण एक माणसाची. बहुतेकांनी काही बिघडलं नाही, दोन ओळी कशाही असल्या तरी चालतं."

"माझ्या किती?"

"तुझ्या कमी आहेत. तू मागे घेतेस ना. तुला भीती वाटते, म्हणून तू बघतेस. सगळ्यात जास्त माझ्या आहेत."

द्रिताने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"पंपाचा भोंगा आहे ना, पाणी कमी झालं की आधी वाजायचा आणि मग पंप बंद व्हायचा? गेल्या वसंतापासून आधी पंप बंद होतोय आणि मग वाजतोय. म्हणजे वाजला असता. वेळ आली नाही म्हणून कुणाला कळलं नाही. ती माझी. मला आठवतसुद्धा नाही ती."

"आठवत नाहीच," द्रिता म्हणाली. तिला वाटलं होतं की हे ऐकून बरं वाटेल. फारसं वाटलं नाही. फक्त खांद्यावरची पिशवी कुणीतरी क्षणभर हातात धरावी तसं झालं. "जा, ती पेस्ट्री गरम करून खा."

आता इथे गोष्ट संपायला हवी, पण माणसं ऑफिसात काम करतात तेव्हा कुठलीच गोष्ट तिथे संपत नाही. कळ बंद करायची तर ती सगळ्यांच्या घडणीच्या फाइलमध्ये बंद करायची, आणि त्या फाइलला हात लावायला दोघांची संमती लागे. डार्सीने आपली दिली. दुसरी कोण देणार यावर चर्चा झाली. दोघाजणांना ओळी हलवायची ती कळ आवडायला लागली होती, ते कुरकुरले. एकाने सुचवलं की बंद करण्याऐवजी 'ओळ हलवू का' असं विचारणारी चौकट यावी. मग दिवसाला शंभर चौकटी येतील आणि माणूस न वाचता 'हो' म्हणायला शिकेल, असं द्रिताने सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि चौकटीवर आणखी एक बैठक घेतली. मे महिना अर्धा झाला, कालवे हिवाळ्यासाठी बंद झाले, दारांत पाणी राहिलं नाही, तरी बैठका चालू. या काळात द्रिता प्रोग्राम लिहीत होती की मदतीची पानं, हे कुणीच स्पष्ट सांगितलं नाही, म्हणून ती दोन्ही करत होती. झाकण मात्र तिने परत आणलं. आता त्यावर कुणी हसत नव्हतं. एके सकाळी तिला डार्सीच्या कीबोर्डवरही एक झाकण दिसलं, हिरवं, मलईच्या दुधाचं. त्याने ते कागदाखाली लपवलं होतं.

शेवटी वेंडीनेच बैठक अर्ध्यात तोडली. ती म्हणाली की मला पेटिफरसारखा दुसरा फोन नको आहे, आणि दुसरी संमती आपल्या नावाने घातली. ओळ हलवायची कळ बंद. सगळ्या खिडक्या एकदम मिटवायची बंद. सगळ्या फाइलींत बदल करायचा असेल तर बोटाने नाही, यादी उघडून, बघून. अर्धवट काम सगळ्यांकडे पाठवायची कळ बंद. ज्याला हलवायची आहे त्याने ओळ कापावी आणि चिकटवावी, हात मोडत नाहीत. चाचण्यांतही डार्सीने भर घातली, कोणतं आधी हे विचारायची. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम होतं.

त्या शुक्रवारी चारला टोपीचं नाव कुणी काढलं नाही. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही, डार्सी लवकर सरावाला गेला आणि आठवण राहिली नाही. पुढच्या शुक्रवारी वेंडीने खुंटीवरून टोपी काढून मावशीसाठी घरी नेली. खुंटीवर द्रिता आता कोट लावते.

पहिल्या दिवशी तिची बोटं नेहमीसारखीच चालली. ऑल्ट, बाण. काही झालं नाही. कर्सर होता तिथे लुकलुकत राहिला. तिने पुन्हा केलं, काही नाही. जुन्या एडिटरसारखी उडी नव्हती, नव्यासारखी सरकणारी ओळ नव्हती, नुसती मेलेली कळ. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. आनंद वगैरे काही झाला नाही तिला. घरी निघताना मात्र लक्षात आलं की मान अवघडलेली नाही, आणि तेवढ्यावरून तिला गाडीत बसल्या बसल्या रडू आलं. थोडंच. मग तिने गाडी सुरू केली आणि घरी न जाता सामीकडे गेली.

सामी शेडमध्ये ट्रॅक्टरखाली होता. तिने वर टांगलेली कात्री काढून घेतली तेव्हा तो खालूनच ओरडला, बाबा पडले तर निस्तरणार कोण, मी सांगितलेलं तुझ्या लक्षात आहे ना, तुला डोकं आहे का. तिने त्याला विचारलं की त्या शिडीचा पाय आखूड आहे हे तुला ठाऊक होतं का. खालून बराच वेळ नुसता पान्ह्याचा आवाज आला.

"थोडी डुगडुगते," तो म्हणाला.

"तर ती तोड."

जूनमध्ये, एका थंड कोरड्या सकाळी, जेव्देतने पहिल्या रांगेतल्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटल्या. जमिनीवर उभं राहून पोचतील तेवढ्याच, वरच्या सामीने नंतर करायच्या असं ठरलं होतं. द्रिता शेजारी उभी होती, कापलेल्या काटक्या गोळा करत. म्हाताऱ्याचे हात खरंच थरथरत होते, त्यात काही खोटं नव्हतं. कात्री लावायला त्याला वेळ लागे. पण एकदा दोन पाय जमिनीत रोवले की तो आधी फांदीकडे नीट बघे, मग कापे.

एक फांदी त्याने तिरकी कापली.

"तिरकी गेली, बाबा," द्रिता म्हणाली.

"दिसतंय मला," तो म्हणाला, आणि परत नीट कापली.